एक रुग्ण, चार नोंदी: हृदयाचे ठोके ऐकायला शिकताना नेमकं कुठे चुकतं

मेडिकल वॉर्ड, सकाळची पाळी. साठी ओलांडलेले एक रुग्ण दम लागतो म्हणून दाखल झालेले आहेत. पलंगाची डोक्याकडची बाजू ४५ अंश उचललेली आहे आणि ते उशीला टेकून बसले आहेत. एट्रियल फिब्रिलेशनचं, म्हणजे हृदयाचा ठेका अनियमित होण्याच्या विकाराचं, निदान जुनं आहे. सकाळी १० च्या औषधांत डिगॉक्सिनची (ठोके मंदावणाऱ्या औषधाची) गोळी आहे, आणि ती देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण १ मिनिट ठोके मोजायचे असतात. प्रथम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी एकामागोमाग एक मोजणी केली. (प्रकरण शिकवण्यासाठी मांडलेलं आहे आणि आकडेही त्याच हेतूने घेतले आहेत.)

पहिलीने मनगटाची नाडी १५ सेकंद धरली, २१ ठोके मिळाले, ४ ने गुणून ८४ लिहिले. दुसरीने छातीवर १५ सेकंद ऐकलं, ४१ मोजले आणि १६४ लिहिले. तिसरीने रकाना कोरा ठेवला आणि शिक्षिकेकडे येऊन सांगितलं, “मॅडम, मला काहीच ऐकू येत नाही.” चौथ्याने छातीवरचे ८४ आणि मनगटाचे ८४ असे दोन्ही रकाने भरले.

त्यानंतर शिक्षिका आणि वॉर्डच्या सिस्टर यांनी एकाच वेळी पूर्ण मिनिटभर मोजलं: छातीवर ९२, मनगटाला ७४, ठेका पूर्णपणे अनियमित.

चारपैकी एकही आकडा बरोबर नव्हता. तरी चौघांच्या चुका एका तराजूत तोलता येणार नाहीत. सगळ्यांत भरवशाची नोंद तिसरीची, म्हणजे कोऱ्या रकान्याची. तिच्यापासूनच सुरुवात करू, कारण “ऐकू येत नाही” या तक्रारीमागे बहुतेक वेळा कानाचा दोष नसतोच.

तिसरी: काहीच ऐकू येत नाही

शिक्षिकेने तिला “नीट लक्ष देऊन ऐक” असं सांगितलं नाही. त्या सल्ल्याचा उपयोग होत नाही; विद्यार्थिनी डोळे मिटून आणखी जोर लावते आणि घाबरते. त्याऐवजी कानापासून छातीपर्यंत आवाजाची वाट टप्प्याटप्प्याने तपासली.

आधी कानातली टोकं. मोठ्या माणसाच्या कानाची नळी आत जाताना थोडी पुढे, नाकाच्या दिशेने वळते. म्हणून स्टेथोस्कोपच्या धातूच्या नळ्याही पुढे झुकवलेल्या असतात. उलटा घातला की टोकं कानाच्या भिंतीला टेकतात आणि आवाज जवळजवळ बंद होतो. तिने उलटाच घातला होता. यावर सोपा उपाय असा की घालण्यापूर्वी स्टेथोस्कोप समोर धरायचा आणि टोकं आपल्यापासून दूर, पुढच्या बाजूला वळलेली दिसतात ना, ते पाहून मग घालायचा. टोकं सैल बसत असतील तर लहान-मोठी बदलून पाहावीत. कान नीट बंद झाल्यावर वॉर्डमधला गोंगाट एकदम कमी झाल्याचं जाणवलं पाहिजे. तसं जाणवलं नाही तर अजून कुठेतरी फट आहे.

पुढे छातीवर ठेवायचा भाग, म्हणजे चेस्टपीस. दोन बाजूंच्या चेस्टपीसमध्ये एका वेळी एकच बाजू उघडी असते. तिने डायफ्रॅम, म्हणजे मोठी सपाट बाजू, छातीवर ठेवला होता, पण चेस्टपीसची मान फिरून बेलची, म्हणजे छोट्या वाटीसारखी, बाजू चालू झाली होती. दर वेळी वापरण्याआधी डायफ्रॅमवर बोटाच्या पेराने अगदी हलकी टिचकी मारावी. कानात ठळक आवाज आला तर बाजू बरोबर आहे. नाही आला तर चेस्टपीस ‘टक्’ होईपर्यंत फिरवावा. टिचकी हलकीच हवी, जोराची थेट कानावर बसते.

एवढं झाल्यावर तिला काहीतरी ऐकू येऊ लागलं, पण ते खरखरणं होतं. चेस्टपीस बनियनवर होता. कापड घासल्याचा आवाज फुप्फुसातल्या बारीक चरचरीसारखा भासू शकतो, त्यामुळे कपड्यावरून ऐकणं म्हणजे केवळ कमी ऐकणं नसतं, चुकीचं ऐकणंही असतं. “काका, बनियन वर करून ऐकू का? थोडं गार लागेल,” एवढं विचारायचं, पडदा ओढायचा, चेस्टपीस तळहातात धरून जरा ऊबदार करायचा. स्त्री रुग्ण असेल तर स्तन तिनेच हाताने वर धरावा अशी विनंती करावी आणि त्याखाली, बरगड्यांच्या जागेवर चेस्टपीस ठेवावा. स्तनावरून ऐकलं की आवाज दबतो. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लायनेकने छातीला थेट कान लावायचं टाळण्यासाठी कागदाची सुरळी करून ऐकलं, तेव्हाही समोर एक तरुण स्त्री रुग्ण होती. रुग्णाचा संकोच जपणं ही या उपकरणाच्या जन्मापासूनची गरज आहे. घाईत तिला फाटा देऊ नये.

केस असतील तर डायफ्रॅम घट्ट दाबावा किंवा केस पाण्याने थोडे ओले करावेत. चेस्टपीस तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये धरावा. वरून अंगठ्याने धरला तर अंगठा किंचित जरी हलला तरी तो आवाज कानात येतो. नळी पलंगाच्या कठड्याला किंवा ॲप्रनच्या बटणाला घासत नाही ना, तेही पाहावं.

आता जागा, आणि इथे या प्रकरणातली सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट आहे. मोठ्या माणसात हृदयाचं टोक डाव्या बाजूला पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत, म्हणजे पाचव्या जागेत, कॉलरबोनच्या मध्यातून खाली सोडलेल्या उभ्या रेषेवर सापडतं. तिथे पोहोचायचं ते डोळ्यांनी अंदाज करून नव्हे, बोटांनी मोजत. गळ्याच्या खळगीत बोट ठेवून छातीच्या मधल्या हाडावरून सरळ खाली सरकलं की साधारण ५ सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला जोडलेली ती दुसरी बरगडी, तिच्याखालची मऊ जागा ती दुसरी. तिथून डाव्या कडेने बोट एकेक बरगडी ओलांडत खाली आणायचं: तिसरी जागा, चौथी, पाचवी. मग बाहेरच्या बाजूला कॉलरबोनच्या मध्यरेषेपर्यंत सरकायचं. पहिली बरगडी कॉलरबोनखाली दडलेली असते आणि बोटाला सहसा लागत नाही. कॉलरबोनपासून मोजायला लागणारे विद्यार्थी म्हणूनच एका जागेने चुकतात. पुरुषांत स्तनाग्र बहुधा चौथ्या जागेच्या पातळीवर असतं, त्यामुळे ताळा म्हणून त्याचा उपयोग होतो. स्त्रियांत ती खूण धरूच नये. लहान मुलांत, साधारण ७ वर्षांपर्यंत, टोक चौथ्या जागेत असतं.

तिसरीने ही मोजणी बरोबर केली होती. पुस्तकात सांगितलेल्या जागीच चेस्टपीस होता. तरी आवाज पुसट.

शिक्षिकेने तिचा उजवा तळहात रुग्णाच्या छातीवर सपाट ठेवायला लावला. धक्का बोटांच्या टोकांकडे, काखेच्या बाजूला जाणवला. मग तळहात काढून दोन बोटांच्या पेरांनी नेमकी जागा शोधली: सहाव्या जागेत, मध्यरेषेच्या बरीच बाहेर. रुग्णाचं हृदय आकाराने वाढलेलं होतं आणि टोक खाली-बाहेर सरकलं होतं. चेस्टपीस तिथे नेला आणि आवाज उघडला. पुस्तकातली जागा ही शोध सुरू करायची जागा आहे. धक्का सगळ्यांच्या छातीवर हाताला लागतोच असं नाही, पण ऐकण्याआधी हात ठेवून पाहायला १० सेकंद लागतात आणि पुष्कळ वेळ वाचतो. टोक सरकलेलं आढळलं तर तेही सांगण्याजोगं निरीक्षण आहे. डाव्या बाजूला काहीच नसेल तर उजवीकडेही ऐकावं. हृदय उजवीकडे असणारी माणसं क्वचित असतात, पण असतात.

आवाज आणखी जवळ आणायचा तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात, मग टोक छातीच्या भिंतीला टेकतं. या रुग्णाला मात्र दम होता. अशा माणसाला आडवं झोपवून ऐकायचा हट्ट करू नये. पलंग उचललेलाच ठेवून, पाठीमागे उशी देऊन थोडं डावीकडे झुकवलं तरी पुरतं. श्वास सोडून दोन-तीन सेकंद थांबायला सांगितल्यास श्वासाचा आवाज बाजूला होतो; ज्यांना तेवढंही जमत नाही, त्यांच्याकडे ती मागणी करू नये.

आणखी एक अडचण अपेक्षेची असते. सराव कक्षातल्या पुतळ्यात आवाज स्पीकरमधून, स्वच्छ आणि ठरलेल्या बिंदूवर येतो. पुतळा श्वास घेत नाही, त्याच्या छातीवर केस नसतात, त्याचं हृदय सरकत नाही. खऱ्या हृदयाचे ठोके खालच्या पट्टीतले, बहुतांशी १५० हर्ट्झच्या आतले असतात, आणि त्या पट्टीत माणसाचा कान मुळातच कमकुवत आहे. त्यामुळे ते आवाजापेक्षा मऊ धक्क्यासारखे जाणवतात. हे आधी सांगितलं नाही तर ठोके कानात पडत असूनही विद्यार्थी म्हणतो, काहीच येत नाही.

दुसरी: १६४ कसे झाले

तिने ‘लब’ आणि ‘डब’ वेगवेगळे मोजले. लब-डब मिळून एक ठोका. ‘लब’ हा वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटण्याचा आवाज, ‘डब’ हा महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटण्याचा. हे तिला तोंडपाठ होतं. मोजताना मात्र जे कानावर पडलं ते ती मोजत गेली, आणि काही पुसट ‘डब’ निसटल्यामुळे आकडा बरोबर दुप्पटही आला नाही. नेमकी दुप्पट आली असती तर चूक लगेच उघडी पडली असती. अर्धवट दुप्पट आकडा जास्त फसवा असतो, कारण तो ‘हृदय खूप जोरात धावतंय’ असं पटवून जातो.

ठोक्यांचा वेग ६० ते ८० असताना ओळखणं सोपं असतं: ‘लब’नंतर छोटी विश्रांती, ‘डब’नंतर मोठी. वेग १२० च्या आसपास गेला की दोन्ही विश्रांती सारख्या वाटू लागतात, आणि अनियमित ठेक्यात तर मोठी विश्रांती दर वेळी बदलते. तिथे दोन उपाय चालतात. एक, आवाजाच्या जोरावरून: हृदयाच्या टोकाशी सहसा ‘लब’ ठळक असतो, वर दुसऱ्या जागेत छातीच्या हाडालगत ‘डब’ ठळक. वरून सुरू करून चेस्टपीस बोटभर बोटभर खाली आणला की एक आवाज दबत दुसरा चढताना स्पष्ट कळतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ‘लब’चा जोर ठोक्यागणिक बदलतो, म्हणून हा उपाय थोडा डळमळतो.

दुसरा उपाय मानेच्या धमनीचा. ऐकता ऐकता एका बाजूच्या कॅरोटिडवर दोन बोटं अलगद ठेवायची. बोटाला धक्का लागतो त्या क्षणी कानात पडतो तो ‘लब’. मनगट यासाठी घेऊ नये, तिथे धक्का थोडा उशिरा पोहोचतो. दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड एकाच वेळी कधीही दाबू नयेत, आणि चोळू तर नयेच; वयस्कर माणसात तेवढ्याने ठोके मंदावून चक्कर येऊ शकते. बोटांचा उपयोग फक्त ‘लब’ ओळखण्यापुरता. ओळख पटली की बोटं काढायची आणि मोजणी कानानेच करायची, कारण या रुग्णाचे काही ठोके मानेपर्यंतही नीट पोहोचत नसतील.

शिक्षिकेने दुसरीला घड्याळ न लावता अर्धा मिनिट नुसतं ऐकायला सांगितलं आणि प्रत्येक ‘लब’ला आपल्या मांडीवर बोट आपटायला लावलं. स्वतः दोन जोड कानांचा शिकवणीचा स्टेथोस्कोप लावून त्या तेच ऐकत होत्या. बोट ‘डब’लाही पडतंय हे दोघींना लगेच दिसलं. तोंडाने कितीही समजावलं तरी ही चूक पकडता येत नाही. बोट हलताना दिसलं तरच पकडता येते.

पहिली: १५ सेकंदांचा गुणाकार

नियमित ठेक्यात ३० सेकंद मोजून दुप्पट करणं चालतं. १५ सेकंदांत एक ठोका चुकला तर मिनिटाला ४ चुकतात, ही झाली साधी गोष्ट. अनियमित ठेक्यात त्याहून वाईट होतं: कुठले १५ सेकंद हाती लागले यावर आकडा ठरतो. पहिलीला पुन्हा १५ सेकंद मोजायला सांगितलं तेव्हा १७ मिळाले, म्हणजे ६८. काही मिनिटांच्या अंतराने ८४ आणि ६८, आणि मोजण्यात तिची काहीच चूक नाही. म्हणून ठेका अनियमित वाटला की पूर्ण ६० सेकंद. घड्याळाचा काटा खुणेवर आला तेव्हा ‘शून्य’, त्यानंतरचा पहिला ठोका ‘एक’.

तिची खरी चूक वेगळी होती. डिगॉक्सिनसाठी छातीवरची मोजणी हवी होती आणि तिने मनगट धरलं.

९२ आणि ७४: दोन्ही खरे

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि खालच्या कप्प्यांना आकुंचनाचे संकेत वेडेवाकडे पोहोचतात. दोन ठोके फार जवळ आले तर मधल्या वेळात खालचा कप्पा पुरता भरत नाही. पिचकारी अर्धवट भरून दाबली तर धार लांब जात नाही, तसं त्या ठोक्याचं रक्त मनगटापर्यंत जाणवण्याइतकं पोहोचत नाही. झडप मात्र मिटते, त्यामुळे छातीवर आवाज येतो. या रुग्णात मिनिटाला असे १८ ठोके मनगटाला लागलेच नाहीत. या फरकाला पल्स डेफिसिट म्हणतात.

तो मोजायला दोघं लागतात. एक छातीवर, दुसरा मनगटावर, घड्याळ एकच आणि दोघांना दिसेल असं. मनगट धरणारा “सुरू” म्हणतो, ६० सेकंदांनी “थांब”. दोघंही आपापला आकडा आधी लिहितात, मगच बोलतात. एकट्याने आधी छाती, मग मनगट असं मोजलं तर अनियमित ठेक्यात दोन वेगवेगळ्या मिनिटांमधला फरकही डेफिसिट म्हणून नोंदला जाऊ शकतो. मनगटाचा आकडा छातीपेक्षा जास्त आला तर मोजणी चुकली आहे, पुन्हा मोजावं.

गोळीचा निर्णय छातीच्या आकड्यावर होतो. मोठ्या माणसात तो ६० च्या खाली असेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. रुग्णाच्या कागदावर वेगळी मर्यादा लिहिली असेल तर ती पाळायची. समजा मनगटाला ५६ आणि छातीवर ७४ असते, तर मनगट पाहणाऱ्याने विनाकारण गोळी रोखली असती. मोजताना मळमळ, भूक मंदावणं, वस्तू पिवळसर दिसणं हेही विचारावं. डिगॉक्सिनचं प्रमाण अंगात वाढल्याच्या या खुणा आहेत, आणि त्या असतील तर आकडा ६० च्या वर असला तरी गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

चौथा: ८४ आणि ८४

त्याने पहिलीचा आकडा पाहिला आणि दोन्ही रकान्यांत उतरवला. त्यालाही ऐकू आलं नव्हतं. अनियमित नाडीच्या रुग्णात दोन्ही आकडे तंतोतंत सारखे, तेही आधीच्या नोंदीशी जुळणारे, हे अनुभवी नजरेला लगेच खटकतं. ही एकच नोंद खऱ्या अर्थाने धोक्याची होती. कोरा रकाना मदत मागतो. १६४ पाहून कोणीतरी पुन्हा मोजतंच. पण ८४ निरुपद्रवी दिसतो, त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही आणि १८ ठोक्यांची तफावत त्याच्याआड झाकली जाते.

दोष एकट्या मुलाच्या माथी मारून भागणार नाही. तक्त्यावर आधीचा आकडा समोर असतो, मागे वर्गमित्र उभे असतात, रुग्ण वाट पाहत असतो आणि ‘ऐकू आलं नाही’ लिहायला कुठे जागाच नसते. शिक्षिकेने रुग्णासमोर काही न बोलता त्याला बाजूला नेलं. चुकीच्या नोंदीवर आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, बाजूला सही, तारीख आणि वेळ, खाली नवी नोंद. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही, मूळ आकड्यावर गिरवणं नाही. मग त्याला पुन्हा ऐकायला बसवलं, या वेळी टिचकी मारण्यापासून.

अंतिम नोंद अशी झाली: “स. ९.५०. एपिकल ९२, रेडियल ७४, डेफिसिट १८, पूर्ण मिनिट, दोघींनी एकत्र मोजले. ठेका अनियमित. धक्का सहाव्या जागेत, मध्यरेषेच्या बाहेर. मळमळ नाही. डॉक्टरांना कळवले.” गोळी डॉक्टरांशी बोलून दिली गेली.

पुढच्या तुकडीसाठी बदल

सरावात आता प्रत्येकाने आकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घडी घालायची आणि सगळ्यांचं झाल्यावर चिठ्ठ्या एकत्र उघडायच्या. नियमित ठेक्यात एकाच मिनिटाच्या मोजणीत एक-दोन ठोक्यांचा फरक चालतो, त्यापुढे कारण शोधायचं. चिठ्ठीवर ‘ऐकू आले नाही, मदत हवी’ ही ओळ आधीच छापलेली आहे आणि ती निवडल्याबद्दल गुण कापायचे नाहीत. पुतळ्यावरून थेट वॉर्डात न्यायचं नाही; मधे एकमेकांच्या छातीवर, संमतीने आणि आडोशाला सराव करायचा, एकदा विश्रांतीत आणि एकदा जागच्या जागी धावून आल्यावर, म्हणजे विश्रांतीची अंतरं कशी आक्रसतात ते कानाला कळतं. दोन माणसांच्या मध्ये डायफ्रॅम, आणि स्टेथोस्कोप हातबदल होत असेल तर कानातली टोकंही, ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून घ्यायची.

एवढं सगळं नीट करूनही एखाद्याला वेगवेगळ्या लोकांच्या छातीवर सातत्याने ऐकू येत नसेल, तर आधी त्याचा स्टेथोस्कोप दुसऱ्याच्या कानात घालून पाहावा. नळीला चीर किंवा डायफ्रॅमला तडा असू शकतो. तो ठीक निघाला तर कान तपासून घ्यावेत. साचलेला मळ हे सगळ्यांत साधं कारण, ते काही मिनिटांत दूर होतं. ऐकण्याची क्षमताच कमी असेल तर आवाज वाढवून देणारा इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप वापरून हे काम करता येतं, आणि ती सोय त्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच मिळायला हवी.